जुन्या ट्रॅक्टराचा क्लच, गिअर व बैठक

बैलाच्या खांद्यावर जूं ठेवण्यापूर्वीं तो खांदा हातानें चांचपून पाहण्याची आपल्या शेतकऱ्यांची जुनी चाल आहे. ट्रॅक्टराच्या बाबतींत मात्र अशी चांचपणी क्वचितच होते. दुसऱ्या हातचा जुना ट्रॅक्टर घरीं येतो, इंजिनाचें तेल बदललें जातें, टायर पाहिले जातात. आणि पुढें क्लच घसरूं लागला म्हणजे सगळा दोष चालकाच्या माथीं येतो. हा दोष कितपत चालकाचा, कितपत यंत्राचा व कितपत मालकाचा, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

क्लच कसा झिजतो

इंजिनाच्या फ्लायव्हीलवर क्लचची तबकडी स्प्रिंगांच्या जोरानें दाबून धरलेली असते. या पकडीमुळेंच इंजिनाची शक्ति गिअरपेटींत जाते. चालकानें पाय दाबला म्हणजे एक बेअरिंग पुढें सरकून प्रेशर प्लेटच्या बोटांवर दाब देतें व तबकडी मोकळी होते. हें बेअरिंग व बोटें यांमध्यें थोडें अंतर राखलेलें असतें. म्हणून पायपट्टी आरंभीं कांहीं अंतर हलकी जाते. हीच मोकळी चाल. ती पुष्कळ ट्रॅक्टरांत २० ते ४० मिलिमीटरांच्या आंत असते. नेमका आंकडा त्या त्या ट्रॅक्टराच्या पुस्तिकेंत पाहावा.

तबकडीचें अस्तर जसजसें झिजतें, तसतशीं बोटें बेअरिंगकडे येतात व मोकळी चाल कमी होते. ती नाहींशी झाली म्हणजे पाय उचललेला असूनहि क्लच किंचित् दाबलेलाच राहतो. मग तबकडी घसरते, तापते व अधिकच झिजते. पायपट्टीवर सदैव पाय टेकून बसणारा चालक चांगल्या क्लचचीहि हीच दशा करतो. भार पडतांच इंजिनाचा आवाज चढावा व ट्रॅक्टराचा वेग मात्र वाढूं नये, हें क्लच घसरत असल्याचें लक्षण होय. क्लच बदलण्यासाठीं बहुतेक ट्रॅक्टर मधोमध सोडवून दोन भाग करावे लागतात. असें काम ऐन वाफशावर निघालें, तर नुकसान केवळ तबकडीच्या किंमतीवर थांबत नाहीं.

गिअरचा दांडा

दांड्यावर हात ठेवून चालविण्याची संवय निरुपद्रवी वाटते. पण ती तशी नाहीं. दांड्याच्या खालच्या टोंकानें हलणारा कांटा गिअरपेटींत फिरणाऱ्या कड्याच्या खांचेंत बसलेला असतो. हाताचा भार त्या कांट्याला कड्यावर घांसत ठेवतो. कांटा झिजला म्हणजे गिअर पुरता बसत नाहीं, आणि भार येतांच सुटतो. उतारावर भरलेल्या ट्रॉलीसह गिअर सुटणें म्हणजे जिवावरचा प्रसंग होय.

जुन्या सरकत्या गिअरांच्या पेटींत ट्रॅक्टर थांबवूनच गिअर बदलावा. क्लच पूर्ण दाबून क्षणभर थांबावें. तरीहि करकर ऐकूं आली, तर मोकळी चाल फार वाढल्यामुळें तबकडी सुटत नाहीं, असा संशय घ्यावा व ती चाल ठीक करवून घ्यावी. दांडा बळानें रेटूं नये. उतार लागण्यापूर्वींच खालचा गिअर घालावा, न्यूट्रलमध्यें कदापि उतरूं नये, आणि रस्त्यावर दोन्हीं ब्रेक एकमेकांस जोडलेले असावेत.

बैठकीचा संबंध

आतां मालकाच्या वांट्याचा दोष. बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागल्या आंसास स्प्रिंग नसतात. ढेंकळांचा धक्का टायर व बैठक या दोहोंनींच सोसावयाचा. बसलेल्या मनुष्याचें धड सेकंदास सुमारें ४ ते ६ हेलकाव्यांच्या कंपनास अधिक जोरानें साथ देतें, आणि शेतांतील यंत्रांचें पुष्कळसें हादरणें याच्या आसपासचें असतें. कंबरदुखीचें एक मूळ येथें आहे. युरोपीय संघानें २००२ सालीं कामगारांच्या अंगास पोंचणाऱ्या कंपनास कायद्यानें मर्यादा घातली, ती याच कारणास्तव.

बैठकीची स्प्रिंग निकामी झाली, गादी दबली अथवा बैठक पुढेंमागें सरकेनाशी झाली, म्हणजे चालक तोल सांवरण्यासाठीं आधार शोधतो. डावा पाय क्लचवर टेकतो व हात दांड्यावर जातो. बैठक फार मागें अडकली असेल तर पायपट्टी तळापर्यंत पोंचत नाहीं, आणि गिअर करकरतात. ज्या संवयींबद्दल आपण चालकास बोल लावतों, त्यांतील कांहीं मालकानें न बदललेल्या गादीनेंच लावलेल्या असतात. गादीचा व स्प्रिंगचा खर्च क्लचच्या खर्चापुढें किरकोळ आहे. कंबर तर विकत मिळत नाहीं.

क्लच पूर्ण दाबला असतां गुडघा किंचित् वांकलेला राहील, इतकी बैठक पुढें घ्यावी. वजनाप्रमाणें स्प्रिंग कमीअधिक करण्याची सोय असल्यास ती चालकाचें वजन पाहून लावावी, मालकाचें नव्हे. टायरांत हवा प्रमाणाबाहेर भरूं नये, खडबडीत वाटेवर वेग आवरावा, मधून मधून उतरून चार पावलें चालावें, आणि दीर्घ पाळीनंतर लगेच पोतीं उचलूं नयेत.

हंगामापूर्वीं मालक व चालक यांनीं मिळून एक सकाळ या कामीं घालवावी. चालकास प्रथम बसवावें, आणि कोठें दुखतें, पाय कोठें पोंचत नाहीं, हें विचारावें. मग पट्टी घेऊन मोकळी चाल मोजावी व तारखेसह वहींत टिपावी. दर पाळीस तींत पडणारा फरक पाहिला, म्हणजे क्लच किती झिजला, हें तो सोडविण्यापूर्वींच कळेल.