न दिसणाऱ्या ग्रहाचा शोध
(सामान्य विज्ञान, वरच्या वर्गांसाठी पाठाची टिपणे)

ग्रहांना स्वतःचा प्रकाश नसतो. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह त्या ताऱ्याच्या तेजात लोपून जातो व मोठ्या दुर्बिणीतूनही बहुधा दिसत नाही. तरीही असे हजारो ग्रह शोधले गेले आहेत. ‘जे दिसत नाही ते आहे, हे कशावरून?’ असा प्रश्न मुलांनी विचारल्यास शिक्षकांनी तो टाळू नये. विज्ञानाची खरी शिकवण त्या प्रश्नातच आहे.

तत्त्व : एक थोराड व एक लहान मुलगा एकमेकांचे हात धरून गरगर फिरू लागले, तर लहान मुलगा मोठे वर्तुळ घेतो, परंतु थोराड मुलगाही स्थिर राहत नाही, त्याचेही लहानसे वर्तुळ होते. ताऱ्याची स्थिती थोराड मुलासारखी असते. ग्रहाच्या ओढीमुळे तो आळीपाळीने आपल्याकडे येतो व दूर जातो. जवळ येताना त्याच्या वर्णपटातील रेषा निळ्या बाजूस, तर दूर जाताना तांबड्या बाजूस किंचित सरकतात. ग्रह जड असून ताऱ्याच्या जवळ असेल, तर ही हालचाल अधिक वेगाने होते व लवकर ध्यानी येते.

इतिहास : महाकाय ग्रह ताऱ्याच्या अगदी जवळही असू शकेल व तो या रीतीने सापडेल, असे ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ साली सुचविले होते. परंतु आपला गुरू सूर्यापासून दूर असून त्याला एका फेरीस सुमारे १२ वर्षे लागतात. तेव्हा इतरत्रही तसेच असावे, हा समज प्रबळ होता. १९९५ साली मिशेल मेयॉर व दिदिए केलोझ या स्विस शास्त्रज्ञांनी फ्रान्समधील वेधशाळेतून ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचे वेध घेतले. ताऱ्याचा वेग दर ४.२३ दिवसांनी, सेकंदास सुमारे ५६ मीटरपर्यंत, कमीअधिक होत होता. त्यावरून गुरूच्या निदान निम्म्या वस्तुमानाचा ग्रह ताऱ्यापासून केवळ ७८ लक्ष किलोमीटरांवर असल्याचे ठरले. बुध सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किलोमीटर दूर आहे. या शोधाबद्दल उभयतांना २०१९ साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

ताळा : तारा स्वतःच स्पंदन पावत असेल, अशी शंका काहींनी घेतली. १९९९ साली ‘एच. डी. २०९४५८’ या दुसऱ्या ताऱ्याच्या हालचालीवरून जी वेळ निघत होती, त्याच वेळी त्याचा प्रकाश शेकडा सुमारे दीडने मंदावला. ग्रह ताऱ्यासमोरून जात होता. दोन निराळ्या वाटांनी एकच उत्तर आले व असे ग्रह खरोखर आहेत, याची खात्री पटली.

निरीक्षण : कार्तिकात रात्री आठच्या सुमारास पूर्वाभाद्रपदेच्या दोन ठळक तारा माथ्याजवळ असतात. त्यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित पश्चिमेस ५१ पेगासी आहे. चांदणे नसलेल्या काळोख्या रात्री तो नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. तो मुलांना अवश्य दाखवावा.

प्रश्न : १. ग्रह न पाहता त्याचे अस्तित्व कसे कळते? २. एका पुराव्यावर न थांबता दुसरा का शोधावा?