अडतीच्या दुकानातला संगणक किती सुरक्षित?

प्रश्न : निपाणीत आमची तंबाखूची अडत आहे. हिशेब इंटेल आय-थ्री, तिसऱ्या पिढीच्या संगणकावर चालतो. मुलाचा लॅपटॉप एएमडीचा आहे. 'मेल्टडाउन' आणि 'स्पेक्टर' या प्रोसेसरमधल्या त्रुटींचा धोका कोणाला?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : दोघांनाही, पण सारखा नाही. वेळ वाचवण्यासाठी प्रोसेसर पुढच्या सूचना अंदाजाने आधीच चालवतो. नेहमीचं गिऱ्हाईक दिसताच चहावाल्याने कप भरावा तसं. अंदाज चुकला की निकाल टाकून देतो, पण कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या जलद स्मृतीत, खूण उरते. कोणता मजकूर लवकर हाती येतो, हे मोजून चोराला गुपित कळतं.

जानेवारी २०१८ मध्ये हे उघड झालं. मेल्टडाउनच्या तावडीत १९९५ नंतरचे इंटेलचे जवळपास सगळे जुने प्रोसेसर आले; इटॅनियम आणि २०१३ पूर्वीचे ॲटम तेवढे वगळा. तुमचा आय-थ्री तावडीत सापडलेल्यांतलाच. एएमडी मेल्टडाउनमधून सुटले, स्पेक्टरमधून नाही. स्वस्त मोबाइलमधला आर्मचा कॉर्टेक्स-ए५३ मात्र दोन्हींतून वाचला, कारण तो सूचना क्रमानेच चालवतो.

संगणक लगेच मोडीत काढू नका. ब्राउझर आणि विंडोज अद्ययावत ठेवलं तर मोठा धोका टळतो. मला खरी काळजी वाटते ती विंडोजची : विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमच्या आय-थ्रीवर ११ अधिकृतपणे चालत नाही. एकतर लिनक्स घाला, नाहीतर बेळगावात वापरलेला संगणक घेताना इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचीच मागा.