नवागत वाचक आणि संदर्भसेवा

सार्वजनिक ग्रंथालयाचे दार सर्वांना खुले असते, असे आपण म्हणतो. नियमांच्या दृष्टीने ते खरेही असते. परंतु दार खुले असणे आणि आत येणाऱ्याला तेथे मोकळे वाटणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यांदाच येणाऱ्या वाचकाला तालिका कशी पाहावी, कपाटांवरील क्रमांकांचा अर्थ काय, कोणाला विचारावे, यांपैकी काहीच ठाऊक नसते. सभोवती मात्र जुने वाचक सराईतपणे वावरत असतात. आपले अज्ञान उघडे पडेल या भीतीने तो प्रश्न विचारण्याचे टाळतो. धीर करून विचारलाच आणि त्रासिक उत्तर मिळाले, तर निमूटपणे निघून जातो. ज्याच्या घरातील कोणीही यापूर्वी ग्रंथालयाची पायरी चढलेले नाही, अशा वाचकाच्या बाबतीत हा धोका विशेष मोठा असतो. तो तक्रार करीत नाही, केवळ पुन्हा येत नाही. म्हणूनच ग्रंथालयाच्या कोणत्याही अहवालात ही हानी नोंदली जात नाही.

सेवेच्या कल्पनेचा उदय

वाचकाला व्यक्तिशः साहाय्य करणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य आहे, ही कल्पना तुलनेने अर्वाचीन आहे. 1876 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ग्रंथपालांची परिषद भरली होती. वुस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल स्वेट ग्रीन यांनी तीत ग्रंथपाल व वाचक यांच्या वैयक्तिक संबंधांवर निबंध वाचला. वाचकाचे सौजन्याने स्वागत करावे आणि संकोचणाऱ्याला बोलते करावे, असा त्यांचा आग्रह होता. संदर्भसेवेच्या इतिहासाचा आरंभ बहुधा या निबंधापासून मानला जातो.

भारतात या विचाराला शास्त्रीय बैठक दिली ती डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यानंतर इंग्लंडमध्ये जाऊन त्यांनी ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास केला व तेथील ग्रंथालयांचे कामकाज जवळून पाहिले. 1931 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पंचसूत्रीत ग्रंथांचा उपयोग, प्रत्येक वाचकाची गरज आणि त्याच्या वेळेची बचत यांना मध्यवर्ती स्थान आहे. संदर्भसेवेचे प्रकार सांगताना त्यांनी नवागत वाचकाला ग्रंथालयाची ओळख करून देणे हा एक स्वतंत्र प्रकार मानला, ही गोष्ट आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. नवागताला मार्ग दाखविणे हा उपकार नसून, जसे ग्रंथांचे वर्गीकरण तसेच तेही ग्रंथालयाचे नित्याचे काम होय, हा त्यामागील अभिप्राय आहे.

विचारलेला प्रश्न आणि मनातील प्रश्न

नवागताला साहाय्य करण्यातील खरी अडचण सौजन्याच्या अभावाची असतेच असे नाही. अनेकदा अत्यंत सौजन्यशील सेवकही वाचकाला चुकीच्या कपाटाकडे पाठवितो. याचे कारण असे, की वाचक जो प्रश्न विचारतो तो सहसा त्याचा मूळ प्रश्न नसतो. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट टेलर यांनी 1968 मध्ये या प्रक्रियेचे चार टप्पे दाखविले. प्रथम मनात एक अस्पष्ट उणीव जाणवते. मग तिला अंधूक रूप येते. त्यानंतर ती नीट मांडता येते. आणि शेवटी, ग्रंथालयात काय मिळू शकेल याचा अंदाज बांधून वाचक तिला मुरड घालतो व तोच प्रश्न विचारतो. सरावलेल्या वाचकाचा हा अंदाज बरोबर असतो. नवागताचा तो चुकतो, कारण ग्रंथालयाची रचनाच त्याला अपरिचित असते.

एक उदाहरण घेऊ. एक गृहिणी विचारते, “आरोग्याची पुस्तके कोठे आहेत?” सेवकाने हाताने कपाट दाखविले, तर शब्दशः उत्तर दिल्यासारखे होईल. परंतु त्याने म्हटले, “आरोग्यावर पुष्कळ पुस्तके आहेत. आपल्याला विशेषतः कशाविषयी वाचायचे आहे?” तर ती सांगते, “सासऱ्यांना मधुमेह झाला आहे. त्यांना जेवायला काय द्यावे, ते कळत नाही.” आता प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ड्यूई दशांश वर्गीकरणानुसार आहारशास्त्र 613 या क्रमांकात, मधुमेह हा रोग 616 मध्ये, तर पाककृती 641 मध्ये येतात. म्हणजे घरातील एका साध्या अडचणीचे उत्तर तीन निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले आहे. वर्गीकरण कितीही शास्त्रशुद्ध असले, तरी ते विषयांच्या क्रमाने चालते. माणसाची अडचण त्या क्रमाने येत नाही. या दोहोंमधील अंतर जोडणे हेच संदर्भसेवकाचे काम होय.

संभाषणाची रीत

अशा संभाषणाची काही पथ्ये आहेत. पहिले पथ्य असे, की प्रश्न मोकळा ठेवावा. “आपल्याला अमुक पुस्तक हवे आहे का?” असे विचारल्यास नवागत भिडेखातर होकार देतो. “त्यासंबंधी काय जाणून घ्यायचे आहे?” असे विचारल्यास तो आपल्या शब्दांत सांगू लागतो. दुसरे पथ्य म्हणजे माहिती का हवी आहे, याची थेट पृच्छा करू नये. या ‘का’मध्ये चौकशीचा सूर असतो, आणि आजार, कर्ज किंवा कौटुंबिक वाद यांविषयी विचारणाऱ्याला तो बोचतो. तिसरे, पुस्तक केवळ दाखवून न थांबता वाचकासोबत कपाटापर्यंत जावे. जाता जाता क्रमांकांचा अर्थ सांगितला, तर पुढच्या वेळी तो आपल्या पायांनी जाईल. चौथे, निरोप देण्यापूर्वी हवे ते मिळाले का, हे अवश्य विचारावे. पहिला प्रश्न चुकीचा समजला गेला असेल, तर तो सुधारण्याची हीच संधी असते.

साहाय्याला मर्यादाही आहेत. सेवकाने वैद्यकीय ग्रंथ द्यावा, औषध सुचवू नये. कायद्याचे पुस्तक द्यावे, खटल्यात सल्ला देऊ नये. वाचकाने काय विचारले हे इतरांजवळ बोलू नये.

पुनःपुन्हा येणारे प्रश्न

तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकल्यावर सेवकाचा स्वर कोरडा होणे स्वाभाविक आहे. तथापि सेवकाच्या दृष्टीने दहावा असलेला प्रश्न विचारणाऱ्याच्या दृष्टीने पहिलाच असतो. यावर उपाय म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे देणारी छोटी पत्रके वाचकांच्या भाषेत तयार करावीत. मात्र पत्रक हातात देऊन तोंड फिरविणे म्हणजे उत्तर नव्हे. पत्रकातील नेमका भाग दाखवून दिला पाहिजे. शिवाय एखादा प्रश्न वारंवार येत असेल, तर दोष वाचकांचा नसून मांडणीचा असण्याचा संभव अधिक. दिशादर्शक फलक चुकीच्या जागी असेल, तर शंभर वाचकांना समजावण्यापेक्षा फलक हलविणे सोपे.

अविश्वासाची भिंत

नवागताला परके वाटण्याचे आणखी एक कारण ग्रंथांच्या हिशेबात दडलेले असते. पुस्तक हरवल्यास भरपाई आपल्यावर येईल या धास्तीने अनेक ग्रंथपाल कपाटे बंद ठेवतात आणि अनोळखी चेहऱ्याकडे प्रथम संशयानेच पाहतात. वस्तुतः केंद्र सरकारच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत, देवघेव वा वापर झालेल्या दर हजार ग्रंथांमागे वर्षाला पाच ग्रंथांची हानी वाजवी मानण्यास मुभा आहे. ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसावी, एवढीच अट आहे. दुर्मीळ व हजार रुपयांहून अधिक किमतीच्या ग्रंथांबाबत मात्र चौकशी आवश्यक असते. तात्पर्य, वापर म्हटला की थोडी झीज आलीच, हे शासनानेही मान्य केले आहे. एका पुस्तकाच्या भीतीने शंभर वाचक गमावणे हा व्यवहार तोट्याचाच होय.

या संदर्भात बडोदे संस्थानाचे उदाहरण उद्बोधक आहे. महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी 1906 मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून ग्रंथालयांचे जाळे उभारण्यास आरंभ केला. ग्रंथांच्या पेट्या खेडोपाडी पाठविल्या जाऊ लागल्या. नवसाक्षराने ग्रंथालय शोधीत यावे अशी अपेक्षा न धरता ग्रंथालयानेच त्याच्यापर्यंत जावे, हे सूत्र तेथे प्रत्यक्षात उतरले.

समारोप

ग्रंथालयाचे मूल्यमापन करताना आपण ग्रंथसंख्या आणि देवघेवीचे आकडे पाहतो. त्यांच्या जोडीला आणखी दोन नोंदी ठेवणे उपयुक्त ठरेल: उत्तर न देता आलेले प्रश्न, आणि पहिल्या भेटीनंतर पुन्हा आलेले वाचक. पहिल्या नोंदीवरून संग्रहातील उणिवा कळतील, दुसरीवरून वागणुकीतील. आजचा नवागत हाच उद्याचा जाणता वाचक असतो, आणि ज्याला एकदा आपुलकीने मार्ग दाखविला गेला, तो पुढे शेजारच्या गोंधळलेल्या वाचकाला आपण होऊन कपाट दाखवितो. संदर्भसेवकांची संख्या कोठेही पुरेशी नसते. ती या मार्गानेच वाढू शकते.