धाव चढवायची तर आधी माप

पोरा, गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना लोक आगीकडे बघत उभे राहतात. तू मापाकडे बघ. चाक बिघडतं ते मापात, गोवऱ्या पेटण्याच्या आधीच.

घेर दोरीनं घेऊ नकोस, दोरी ताणली जाते. छोटी फिरकी घे, तिच्यावर आणि चाकावर खडूची खूण कर आणि चाकाच्या कडेनं फिरवत फेरे मोज. मग तीच फिरकी धावेच्या आतल्या बाजूनं फिरव. १५ फुटांच्या घेराला धाव पाऊण इंच कमी भरू दे. लालसर तापली की ती इंचाहून जास्त वाढते, त्यामुळे चढायला जागा मिळते.

आता चाकाच्या कडेच्या लाकडी पाट्यांचं ऐक, कारण चाकाचा खरा जीव तिथं आहे. १२ आऱ्यांचं चाक असेल तर ६ पाटे, आणि त्यांच्या सहाही सांध्यांत जेमतेम एक सूत फट हवी. धाव निवताना आवळते, फटी मिटतात आणि तो दाब आऱ्यांतून मधल्या तुंब्यापर्यंत पोचतो. आरे गच्च होतात ते त्यामुळेच. पाटे आधीच एकमेकांना भिडलेले असले, तर ते आपसातच दाबले जातात आणि आरे आत खुळखुळत राहतात. उलट धाव फारच लहान केलीस, तर आरे वाकतात आणि चाक बशीसारखं खोलगट होतं. असं चाक मी तरी गिऱ्हाइकाच्या हाती दिलं नसतं.

लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. बाभूळ कितीही चिवट असली, तरी ओली असताना धाव चढवलीस तर उन्हाळ्यात सैल होणारच. म्हणून हे काम चैत्र-वैशाखातलं.

धाव दगडांवर उचलून ठेव, खाली-वर गोवऱ्या सारख्या रच. वाऱ्याची बाजू आडोशानं झाक, नाहीतर धाव एकीकडेच तापते. रंग सावलीत पारख, उन्हात लाली दिसत नाही. वाळकी काटकी टेकवताच धूर निघाला, की उचल. पांढरी होईपर्यंत थांबलास तर पाटे जळतील.

तुंबा खड्ड्यात राहील असं चाक सपाट जमिनीवर आधीच मांडून ठेव. सांडशीवाले तिघं, पहार घेऊन एक, पाण्यावर दोघं, आणि हुकूम एकाचाच. एक बाजू आधी बसवायची, मग समोरची पहारीनं ओढून घणानं खाली. लाकूड पेट घेईल, घाबरू नकोस. पाणी एका जागी न ओतता गोल फिरत ओता. अंगावर सुती कपडे, पायात चामडी वहाणा. वाफ हातावर येते, तेव्हा वाऱ्याकडे पाठ ठेव.

निवल्यावर एकेक आरा हातोडीनं वाजव. ठणठणीत वाजला तर बसला.

सैल धावेचं चाक लोक ओढ्यात भिजत घालतात. पेरणीपुरतं चालतं, लाकूड वाळलं की धाव पुन्हा निसटते. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांग, आणि धाव कापून, सांधून नव्यानंच चढव.