पुण्याची दुसरी भेट

मुलांनो, अल्लामा इक्बाल १९०७ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे जर्मन भाषा शिकले, हे तुम्हांला ठाऊक आहे का? तेथील विद्यापीठ १३८६ सालचे आहे. असे विद्येचे गाव आपल्याजवळही आहे. ते म्हणजे पुणे. शांती नगरहून पहाटे निघून दादरला गाडी बदलली, की एका दिवसात जाऊन येता येते. माझ्या या आवडत्या शहरात मी नुकतीच पुन्हा जाऊन आले.

येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली संस्कृतच्या मोठ्या शब्दकोशाचे काम सुरू झाले. मागच्या भेटीच्या वेळी ते चालू होते; आजही चालूच आहे! भांडारकर संस्थेने महाभारताची संशोधित आवृत्ती १९१९ साली हाती घेतली. प्रमुख संपादक डॉ. विष्णु सुखठणकर १९४३ साली वारले. इतरांनी ते काम १९६६ साली पूर्ण केले.

बुधवार पेठेत मात्र भिडेवाडा दिसला नाही. १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी तेथे मुलींची शाळा काढली. त्यांच्या कार्यात फातिमा शेख यांनी साथ दिली. मोडकळीस आलेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. मन हळहळले. पण तेथे सुरू झालेले काम थांबलेले नाही. आपल्या वर्गातील मुलींकडे पाहा, म्हणजे पटेल.

तुम्ही पुण्याला जाल तेव्हा इमारती पाहाच. पण आत कोणते काम चालते, तेही विचारा.

शब्दार्थ : संशोधित – तपासून शुद्ध केलेली; हळहळणे – वाईट वाटणे.

प्रश्न : सुखठणकरांचे काम कोणी पूर्ण केले? वाडा पडला तरी काम थांबले नाही, असे लेखिका का म्हणते?