सहलीची शेगडी : निवड आणि सावधगिरी

नेरूळ आणि नेरळ या दोन नांवांत एका उकाराचें अंतर आहे. परंतु त्या उकारापायीं नवखा प्रवासी भलत्याच स्टेशनावर उतरतो. आमच्या विद्यार्थ्यांची ही चूक सहसा होत नाहीं. हिवाळा लागला कीं नेरूळहून ठाणें, ठाण्याहून कर्जतच्या गाडीनें नेरळ, आणि तेथून पायीं विकटगड, ज्यास पेबचा किल्ला असेंहि म्हणतात, हा मार्ग त्यांस तोंडपाठ असतो. अशाच एका सहलीची तयारी चालली असतां एका विद्यार्थ्यानें पिशवींतून एक लहानशी गॅसची शेगडी व तिचा डबा काढून मोठ्या उत्साहानें टेबलावर ठेविला आणि विचारिलें, "सर, गडावर गरम खिचडी करूं या ना ?" प्रश्न साधा होता, परंतु त्याचें उत्तर देण्यास आम्हांस दोन शनिवार लागले. त्या दोन शनिवारीं शाळेच्या पटांगणावर जें शिकलों व शिकविलें, तें पालकांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहों.

डब्यांत काय असतें ?

डबा हलविला असतां आंत पाण्यासारखें कांहींतरी खळखळतें. तो दाबाखालीं द्रवरूप झालेला ब्यूटेन, किंवा ब्यूटेन व प्रोपेन यांचें मिश्रण होय. ब्यूटेन शून्याखालीं अर्ध्या अंशावर उकळतो, तर प्रोपेन शून्याखालीं ४२ अंशांवर. म्हणूनच हिमालयांत, जेथें रात्रीं पाणी गोठतें, तेथें निव्वळ ब्यूटेनचा डबा निरुपयोगी ठरतो व प्रोपेनमिश्रित डबा न्यावा लागतो. आपल्या सह्याद्रींत ही अडचण क्वचितच येते. तरीहि शेगडी बराच वेळ पेटती ठेविली असतां डबा हातास गार लागतो व ज्योत मंदावते. द्रवाचा वायु होण्यास जी उष्णता लागते ती डब्यांतूनच घेतली जाते. घामानें भिजलेल्या अंगास वारा गार लागतो, त्यांतलाच हा प्रकार. अशा वेळीं डबा तापविण्याचा मोह होतो. तो मोह प्राणघातक आहे. ५० अंशांपेक्षां अधिक उष्णता लागूं देऊं नये, अशी सूचना डब्यावर छापलेली असते. आणि उन्हांत बंद ठेविलेल्या मोटारींत ही मर्यादा सहज ओलांडली जाऊं शकते.

आणखी दोन गुण ध्यानीं धरावे. पहिला असा, कीं द्रवाचा वायु झाला म्हणजे तो सुमारें २५० पट जागा व्यापतो. म्हणून थोडी गळतीहि थोडी नसते. दुसरा असा, कीं प्रोपेन हवेच्या दीडपट व ब्यूटेन दुप्पट जड असतो. हा वायु धुरासारखा वर निघून जात नाहीं. तो जमिनीलगत पसरतो, खड्ड्यांत, गटारांत, तंबूच्या तळाशीं सांचतो, आणि दूरच्या एखाद्या ठिणगीची वाट पाहतो. त्यास मुद्दाम उग्र वास मिसळतात तो आपणांस सावध करण्यासाठींच.

शेगडीची निवड

शेगडी घेण्यापूर्वीं दुकानदारास किंमत विचारण्याऐवजीं स्वतःस तीन प्रश्न विचारावे : किती माणसांचें शिजवावयाचें, तेथें कसें जावयाचें, आणि शेगडी कशावर ठेवावयाची ?

बाजारांत मुख्यतः चार प्रकार दिसतात. एकांत आट्यांच्या डब्यावरच बर्नर फिरवून बसवितात. ही शेगडी खिशांत मावते, परंतु उंच व निमुळती असल्यामुळें मोठें भांडें ठेवितांच कलंडते. एकदोघांच्या चहापुरती ती ठीक. दुसऱ्या प्रकारांत बर्नर जमिनीलगत तीन पायांवर उभा असतो व नळीनें डब्यास जोडलेला असतो. ती अधिक स्थिर, व डबा ज्योतीपासून दूर. चारसहा जणांस हीच बरी. तिसरी चपट्या पेटीसारखी. तिच्या कुशींत लांबट डबा आडवा बसतो. सपाट जागीं कुटुंबाच्या वनभोजनास ती सोयीची. मात्र डब्यांतील दाब वाढल्यास गॅस आपोआप बंद करणारी योजना तिच्यांत आहे कीं नाहीं, हें पाहूनच ती घ्यावी. चौथा प्रकार म्हणजे ५ किलोचा लहान सिलिंडर. तो गॅस कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा, व त्याबरोबर आय. एस. आय. चिन्हाचा रेग्युलेटर आणि नळी वापरावी. रस्त्याच्या कडेला घरगुती सिलिंडरमधून लहान सिलिंडर भरून देणारे लोक आढळतात. त्यांची स्वस्ताई अतिशय महाग पडते. एकदां वापरून टाकावयाचे डबेहि पुन्हां भरूं नयेत. त्यांची झडप त्यासाठीं केलेली नसते.

डबा आणि शेगडी एकमेकांस जुळतात कीं नाहीं हें घरींच पाहावें. आट्यांचा डबा खांच्यांच्या शेगडीस बळेंच बसविण्याचा प्रयत्न करूं नये.

गॅस किती लागेल ?

हा हिशोब विद्यार्थ्यांनींच फळ्यावर केला. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारें ३१५ किलोजूल उष्णता लागते. १ ग्रॅम ब्यूटेन जळून सुमारें ४५ किलोजूल देतो. म्हणजे ७ ग्रॅम पुरावे. परंतु निम्मी उष्णता तरी भांड्याच्या बाजूनें निघून जाते. तेव्हां १४ ग्रॅम धरावे. या मानानें २३० ग्रॅमच्या डब्यावर सुमारें १६ लिटर पाणी उकळेल. भांड्यावर झांकण नसेल, किंवा गडावरचा वारा ज्योत हालवीत असेल, तर हा आंकडा झपाट्यानें खालीं येतो. झांकण ही सर्वांत स्वस्त बचत होय.

पेटवितांना

शेगडी उघड्यावर, सपाट दगडावर किंवा उघड्या जमिनीवर ठेवावी. सभोंवार दोन हात तरी वाळलेलें गवत नसावें. जोडण्यापूर्वीं चावी बंद आहे याची खात्री करावी व सांध्यांतील रबराची चकती भेगाळलेली नाहीं हें पाहावें. डबा सरळ धरून हातानेंच फिरवावा. मग सांध्यास साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे आले तर गळती आहे असें समजून शेगडी दूर ठेवावी. काडी ओढून गळती शोधणें हा वेडेपणा होय. आधीं काडी पेटवावी, मग चावी उघडावी. पेटल्यावर शेगडी उचलूं, हालवूं वा तिरपी करूं नये. द्रव बर्नरपर्यंत आल्यास ज्वाळा एकदम हातभर उठते. नायलॉनचे कपडे, लोंबती ओढणी व मोकळे केस ज्योतीपासून दूर ठेवावे, आणि पाण्याची बादली जवळ असावी. डबा बदलावयाचा तो ज्योत पूर्ण विझल्यावर, बर्नर निवाल्यावर, व दुसरी कोणतीहि आग जवळ नसतांना.

येथें आमचीच एक चूक सांगणें प्राप्त आहे. पूर्वीं एका सहलींत वारा फार म्हणून आम्हीं डब्यासकट शेगडीभोंवतीं दगडांचा आडोसा रचला व वर मोठें पातेलें ठेविलें. थोड्या वेळानें सहज हात लावून पाहतों, तों डबा चांगलाच कढत ! पातेल्याखालून परतणारी उष्णता आडोशानें कोंडली गेली होती. चावी बंद करून सर्वांस मागें हटविलें आणि पुढें कांहीं अनर्थ घडला नाहीं. परंतु ती खिचडी कोणाच्याहि घशाखालीं नीट उतरली नाहीं. आडोसा करावा तो वाऱ्याच्या एकाच बाजूस, व डबा सदैव मोकळ्या हवेंत असावा.

थंडी वाजते म्हणून शेगडी तंबूंत नेणें याहून घातक. पुरेशी हवा न मिळतां जळणारी ज्योत कार्बन मोनॉक्साइड निर्माण करते. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट बळानें त्यास धरून ठेवतें. डोकें दुखतें, मळमळतें, गुंगी येते, आणि झोंपलेला मनुष्य जागा होत नाहीं. दारें-खिडक्या बंद केलेल्या खोलीसहि हाच नियम लागू.

भाजल्यास त्या जागेवर वीस मिनिटें साधें वाहतें पाणी सोडावें. शाई, तूप, दंतमंजन यांपैकीं कांहींहि लावूं नये. कपड्यास आग लागल्यास धांवूं नये. जमिनीवर पडून लोळावें.

तर मग खिचडीचें काय झालें ?

दुसऱ्या शनिवारीं आम्हीं विद्यार्थ्यांस विचारिलें, "नेरळला जावयाचें कशानें ?" सारे म्हणाले, "लोकलनें." तेथेंच उत्तर मिळालें. आगगाडींतून गॅसचा डबा नेतां येत नाहीं; रेल्वेच्या १९८९ च्या कायद्यानें असे धोक्याचे पदार्थ बरोबर नेणें हा गुन्हा आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं पहाटें मदुरई येथें उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या गाडींत, चोरून आणलेल्या सिलिंडरमुळें आग लागून ९ जण दगावले. त्यांस चहाच करावयाचा होता. तसेंच, खासगी मोटारीनें कर्नाळ्यास गेलों तरी तें पक्षी-अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें अभयारण्यांत विस्तव पेटविण्यास मनाई आहे.

शेगडी आणणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. परंतु त्यानेंच उठून सुचविलें, कीं गडावर भाकरी, ठेचा व तिळाचे लाडू न्यावे, आणि परत आल्यावर शाळेच्या पटांगणावर खिचडी शिजवावी. तसेंच झालें. साबणाचें पाणी त्यानेंच लावलें, चावी त्यानेंच उघडली, आणि शेवटीं डबा निवाल्यावर सोडवून ठेविला तोहि त्यानेंच.

पालकांस एकच विनंती. घरांत वा इमारतींत गॅसचा वास आल्यास विजेचें एकहि बटण चालूं अथवा बंद करूं नये. खिडक्या उघडाव्या, रेग्युलेटर बंद करावा, बाहेर यावें, व बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक मुलांकडून पाठ करून घ्यावा.