जुना हौदा, नवी चासी

संस्थेची मालमोटार जुनी झाली म्हणजे विश्वस्तांच्या बैठकीत एक सूचना हटकून येते. इंजिन थकलेले असते, खालचा सांगाडा गंजलेला असतो. पण मागचा हौदा मात्र अजून खणखणीत असतो. जाड पत्रा, सागवानी फळ्या, आणि बाजूवर ज्या दात्याने गाडी दिली त्याचे रंगविलेले नाव! मग कोणीतरी म्हणतो, “नवी चासी घ्या आणि हाच हौदा तिच्यावर चढवा. पैसा वाचेल आणि नावही राहील.” सूचना टाकाऊ नाही. परंतु या हौद्यातून अन्नछत्राचे धान्य जावयाचे असते आणि स्टिअरिंगवर आपलाच माणूस बसावयाचा असतो. म्हणून या कामातील तत्त्वे सामान्य सभासदासही ठाऊक असावीत, या हेतूने आम्ही ती येथे थोडक्यात मांडीत आहोत.

दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि त्यांच्या आधाराने बसविलेले इंजिन, पाटे, आस व चाके, एवढ्या सांगाड्यास चासी म्हणतात. पूर्वी गिऱ्हाईक पुष्कळदा उघडी चासीच घेई व बॉडी गावच्या कारागिराकडून बांधवून घेई. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९१७ साली मालवाहतुकीसाठी ‘टी-टी’ नावाची चासी काढली. कारखान्यातच हौदा बसविलेली पिकअप तिने १९२५ साली विक्रीस आणली. आपल्याकडे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून डॉज व फार्गो, आणि १९५४ पासून जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज मालमोटारी रस्त्यावर आल्या. आग्रा-मुंबई रस्त्यावरच्या इंदुरास तर मालमोटारींचा सहवास जुनाच. १९८६ पासून शेजारच्या पिथमपुरातही आयशरच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची, ही गोष्ट म्हणूनच आपल्या अंगवळणी पडलेली आहे.

तरी एक भेद प्रथम ध्यानी घ्यावा. मागचा हौदा बदलणे वेगळे आणि पुढची केबिन बदलणे वेगळे. केबिनशी स्टिअरिंगचा दांडा, ब्रेकचे पायटे, विजेच्या तारा आणि आजच्या गाडीत संगणकीय यंत्रणाही जखडलेली असते. जुनी केबिन नव्या चासीवर चढविण्याच्या फंदात संस्थेने पडूच नये. नवी केबिन आहे तशी ठेवून केवळ हौद्याचा विचार करावा.

मापे. हौदा उतरविण्यापूर्वीच दोन्हीकडची मापे कागदावर घ्यावीत : तुळयांमधील अंतर, केबिनच्या पाठीपासून मागच्या आसापर्यंतचे अंतर, आणि चाक पाट्यावर पूर्ण दबले असता वर उरणारी जागा. हौदा काटकोनात आहे की नाही, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे त्याचे दोन्ही कर्ण मोजणे. ते सारखे न भरल्यास हौदा तिरपा झालेला आहे. तो आधी सरळ करावा. नाहीतर बोल्ट आवळताना त्याचा पीळ चासीत उतरतो. डिझेल भरण्याचे तोंड, धुराची नळी व मागचे दिवे हौद्याखाली झाकले जात नाहीत ना, हेही पाहावे.

भार. बहुतेक चुका येथे होतात. समजा, पुढच्या व मागच्या आसांत २५० सेंटिमीटर अंतर आहे आणि ८०० किलो माल भरावयाचा आहे. मालाचा मध्य मागच्या आसाच्या २५ सेंटिमीटर पुढे असेल, तर ८० किलो भार पुढच्या चाकांवर व ७२० किलो मागच्या चाकांवर पडेल. हौदा लांब म्हणून तोच मध्य आसाच्या २५ सेंटिमीटर मागे गेला, तर मागे ८८० किलो पडतील आणि पुढच्या चाकांवरचे ८० किलो उलट कमी होतील. पुढची चाके हलकी झाली की स्टिअरिंग ऐकत नाही आणि चढावर किंवा ओल्या रस्त्यावर गाडी भरकटते. मागच्या आसापलीकडे बाहेर राहणारा भाग आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांहून अधिक नसावा, असा नियमही आहे; वरच्या उदाहरणात ही मर्यादा १५० सेंटिमीटर येते. शिवाय एकूण वजनाची मर्यादा नव्या चासीची, जुन्या गाडीची नव्हे. जुना हौदा नव्यापेक्षा दीडशे किलो जड असेल, तर दर खेपेस दीडशे किलो धान्य कमी न्यावे लागेल. वाचलेला पैसा येथे हळूहळू गळून जातो.

जोडणी. तुळईच्या वरच्या व खालच्या पट्टीवर सर्वांत जास्त ताण येतो. तेथे भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे म्हणजे तडा जाण्यास जागा करून देणे होय. कारखान्याने ठेविलेल्या भोकांत कंस बसवून किंवा यू-बोल्टने हौदा आवळावा. लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये टणक लाकूड किंवा रबर घालावे, आणि त्या लाकडाचे पुढचे टोक उतरते तासावे, म्हणजे केबिनच्या मागे एकाच जागी ताण एकवटत नाही. हौद्यावर वेल्डिंग करावयाचे असल्यास ते तो चासीवर चढविण्यापूर्वी उरकावे. पहिल्या काही खेपांनंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायदा. गाडीची ओळख चासी-क्रमांकाने होते. जुना हौदा बसविला म्हणून जुन्या गाडीची कागदपत्रे नव्या चासीस लागू होत नाहीत. जुनीची नोंदणी रीतसर रद्द करून घ्यावी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनमानी फेरफारास बंदी करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच अर्थ स्पष्ट केला. म्हणून चासी खरेदी करण्यापूर्वीच उत्पादकाचा लेखी अभिप्राय, मान्यताप्राप्त बॉडी-बांधणाऱ्याचे प्रमाणपत्र आणि परिवहन कार्यालयाचा सल्ला या तीन गोष्टी हाती असाव्यात. विमा कंपनीसही आधी कळवावे. अपघातानंतर केलेला खुलासा कामास येत नाही.

सारांश इतकाच की हौदा चासीप्रमाणे बदलावा. हौद्यासाठी चासी कापू नये. मापे, भार आणि कागद या तिन्ही कसोट्यांस जुना हौदा उतरला, तर तो आनंदाने वापरावा. न उतरला, तर त्यावरील नावाची पाटी काढून नव्या हौद्यावर सन्मानाने लावावी. दात्याने पत्रा दिला नव्हता, गोरगरिबांच्या दारी धान्य पोचावे ही इच्छा दिली होती. ते धान्य आणि ते नेणारा चालक सुखरूप पोचले, म्हणजे त्याचे नाव राहिलेच.